शुक्रवारी चालणारी तार

आमच्या घरात सगळेच मोठ्यानं बोलायचे. बाहेरगावचा पाहुणा आला की त्याला वाटायचं, या माणसांचं आपापसात काहीतरी बिनसलंय. तसं काही नव्हतं. भिंतीपलीकडे माग होते. भिवंडीत मंडईच्या मागच्या आळीत आमच्या दोन खोल्या, आणि आळीच्या दोन्ही टोकांना यंत्रमागांचे कारखाने. खटखट खटखट, रात्रंदिवस. सकाळी सातला शिफ्ट बदलायची तेव्हा आवाज जरा विरळ व्हायचा, तेवढ्यात आई ‘दूध उतू जातंय’ म्हणून घ्यायची, की पुन्हा सुरू. शुक्रवारी मात्र माग बंद. त्या दिवशी घरातलं घड्याळ ऐकू यायचं. आई वाल भिजवून मोड आणायची ते शुक्रवारच्या हिशेबानं, आणि आम्ही दोघी उंबऱ्यापाशी बसून डाळिंब्या सोलायचो, कुजबुजत, चोरी केल्यासारख्या. मोठ्यानं बोलायची गरज नसली की काय बोलावं ते सुचत नसे. बिरड्याला ओलं खोबरं आणि चवीपुरता गूळ. त्याचा वास आजही नाकात आला की मला आधी शांतता आठवते, मग चव.

बाबा कचेरीत कारकून. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, आणि कुठल्याही गोष्टीचा अर्ज कसा करायचा हे तोंडपाठ. मी त्यांची एकुलती एक मुलगी, वंदना. बारावीनंतर मी कल्याणला एका शिकवणीत कंप्युटर दुरुस्त करायला आणि एकमेकांना जोडायला शिकले. तीस मुलांत मी एकटी मुलगी. सर पहिल्या दिवशी म्हणाले होते, ‘टायपिंगचा वर्ग वरच्या मजल्यावर आहे.’ मी म्हटलं, ‘मला माहितेय, मी खालच्याच वर्गाला आलेय.’ पुढं वर्षभर ठाण्यातल्या एका दुकानात काम केलं. मग दुकानमालक गाशा गुंडाळून गुजरातला गेले आणि मी घरी बसले. बसले म्हणजे काय, पिशवीत पक्कड, तार सोलायचं हत्यार, मल्टिमीटर घेऊन कुणी बोलावतंय का याची वाट बघत बसले.

आज घराघरात कोपऱ्यात एक चपटा डबा लुकलुकत असतो. वायर नाही, काही नाही. पोरं गच्चीवर बसूनही जोडलेली. माझ्या चुलतभावाची मुलगी परवा म्हणाली, ‘आत्या, तुमच्या वेळी पासवर्ड काय असायचा?’ आमच्या वेळी काळी तार असायची, बाई. करंगळीएवढी जाड, दोरीसारखी एका कंप्युटरवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. प्रत्येक कंप्युटरच्या पाठीला इंग्रजी टी अक्षरासारखा पितळी जोड, तो ‘टी’, आणि तारेच्या दोन्ही टोकांना बारकी टोपी. कपडे वाळत घालायची दोरी समजा. दोरी मधे कुठंही तुटली की सगळेच कपडे खाली. तसं तारेत कुठंही ढिलं पडलं की सगळेच कंप्युटर एकमेकांना मुके. एवढं लक्षात ठेवलं की पुढची गोष्ट कळेल.

बाबा मला कधी रागावले नाहीत. पण एके संध्याकाळी चहाचा कप बाजूला सारून ते म्हणाले, ‘‘वंदू, तू करतेस ते वाईट असं मी म्हणत नाही. पण ते आहे काय, तेच मला कुणाला सांगता येत नाही. कचेरीत विचारतात, मुलगी काय करते? मी म्हणतो, कंप्युटर. ते म्हणतात, म्हणजे टायपिंग? मी हो म्हणून टाकतो.’’

‘‘बाबा, टायपिंग नाही ते.’’

‘‘मला कळतं गं. पण आमच्याकडे टायपिस्टची जागा निघतेय. कायमची नोकरी. तुझा अर्ज मी लिहून ठेवलाय. सही तेवढी कर.’’

अर्ज कपाटावर कॅलेंडरच्या मागं खोचलेला होता. मी सही केली नाही आणि फाडलाही नाही.

आणि नेमकं त्याच आठवड्यात यमुनाकाकी आमच्या दारात आल्या. जवळच्याच राहनाळ गावच्या. नऊवारी गुडघ्यापर्यंत वर खोचलेली, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, पायात प्लास्टिकची चप्पल. जमिनीच्या कागदांसाठी बाबांच्या कचेरीत त्यांचं जाणंयेणं. नवरा गेल्यावर त्यांनी खाडीकडच्या भातशेतीत पत्र्याच्या तीन मोठ्या शेड उभ्या केल्या होत्या आणि लोकांचा माल ठेवायला त्या भाड्यानं देत होत्या. शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. अक्षर वाचता येत नव्हतं, पण आकडा मात्र कितीही लांब असो, एकदा बघितला की डोक्यात.

‘‘भाऊसाहेब, तुमची पोर कंपूटर जोरते म्हनं?’’ उंबऱ्यातूनच त्या म्हणाल्या.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. ‘‘जोडते,’’ मीच म्हटलं. काकींच्या बोलीत ‘ड’चा ‘र’ व्हायचा आणि ‘मला’चं ‘मना’.

‘‘मंग चल माज्यासंगं. मना तीन जोरायचेत.’’

त्यांची अडचण साधी होती. गेटवर एक वही, ऑफिसात दुसरी, मागच्या शेडमध्ये तिसरी. गेटवर ट्रक उभा राहिला की पोरगा धावत ऑफिसात, ऑफिसातून शेडमध्ये, आणि माल तिसऱ्या शेडला असताना पहिल्या शेडमध्ये शोधाशोध. आता एका औषध कंपनीला तिन्ही शेड एकदम हव्या होत्या. पण त्यांची अट होती की गेटवर नंबर सांगितला की माल कुठं आहे ते जागच्या जागी कळलं पाहिजे. औषधांचं तसंच असतं; जुना माल आधी बाहेर गेला पाहिजे, नाहीतर तो कुणाच्या तरी पोटात चुकीच्या वेळी जातो. काकींचा पुतण्या दिनेश म्हणत होता, औषधंबिषधं सोडा, शेड पाडा आणि माग घाला. शेजारच्या शेडमध्ये त्याचे माग होतेच. भिंतही एकच, मधली.

‘‘माग घातले की माजी किल्ली गेली,’’ रिक्षात बसल्यावर काकी मला म्हणाल्या. ‘‘मंग मी घरात बसून नातवंडांची नाकं पुसायची. तं मना न्हाय करायचं. तुना समजतं नं ह्यातलं?’’

‘‘समजतं, काकी.’’

‘‘बास. मना समजत न्हाय, पन तुना समजतं, मंग झालं.’’

इतक्या चटकन माझ्यावर कुणी विश्वास टाकला नव्हता. मला जरा भीतीच वाटली.

तीन कंप्युटर काकींनी आणवले होते, कंप्युटरच्या पोटात बसवायची जोडणीची कार्डं आणि तार मी मुंबईहून आणली. कुठला माल कुठं ठेवलाय ते सांगणारा छोटा प्रोग्रॅम माझ्या कल्याणच्या वर्गातल्या एकानं लिहून दिला. जोडायचा दिवस मी शुक्रवार धरला, कारण माग बंद असले की गोदामात माणसांची वर्दळ कमी आणि डोकं शांत. गेटपासून ऑफिस, ऑफिसपासून तिसरी शेड, अशी तार मी मधल्या भिंतीवरून नेली. वीतभर अंतरावर एकेक खिळा, तार ताठ, एक सुरकुती नाही. शिकवणीत सर म्हणायचे, तारेवरून माणूस ओळखावा. मी मागं सरून बघितलं तेव्हा मला माझंच कौतुक वाटलं.

दुपारी तीनच्या सुमाराला मी काकींना गेटवरच्या कंप्युटरपाशी बसवलं. ‘‘काकी, एखादा नंबर मारा.’’ त्यांनी पदराला बोट पुसलं आणि एका बोटानं चार आकडे दाबले. पडद्यावर उमटलं: शेड तीन, रांग पाच. अक्षरं त्यांना वाचता येईनात, पण तीन आणि पाच वाचता आले. त्या उठल्या, चालत तिसऱ्या शेडमध्ये गेल्या, पाचव्या रांगेत गेल्या, गठ्ठ्यावरचा नंबर बघितला आणि तिथूनच ओरडल्या, ‘‘हाय गो! हितंच हाय!’’

त्या दिवशी त्यांनी मला तांदळाची भाकरी आणि कोलिमाची, म्हणजे अगदी बारीक कोळंबीची, चटणी वाढली. आमच्या घरी मासळी नसायची. मी पहिला घास जरा घाबरत घेतला, दुसरा न घाबरता, आणि तिसरी भाकरी मागून घेतली. घरी आईला सांगितलं नाही. आईनं वासावरून ओळखलं.

शनिवारी सकाळी अकरा वाजता शेजारच्या किराणा दुकानात फोन आला. दिनेशचा. ‘‘तुमचं ते बंद पडलं. काकी बोलावतेय.’’

मी गेले. तिन्ही कंप्युटर सुरू होते, पण एकमेकांना ओळख दाखवेनात. मी एकेक ‘टी’ काढून पुन्हा बसवला. चाललं. चहाचा कप तोंडाला लावेपर्यंत पुन्हा बंद. टोप्या बदलल्या. चाललं, बंद. सोमवारी नवीन कार्ड घातलं. चाललं, बंद. मंगळवारी नवीन तार आणली, जुनी काढून त्याच खिळ्यांवर तशीच ताठ बसवली. दुपारपर्यंत चाललं आणि मी घरी जायला रिक्षाच्या रांगेत उभी राहते न राहते तोच गोदामातला माणूस सायकलवर मागं आला. दिनेश दारात उभा राहून बघत असायचा. वाईट माणूस नव्हता. त्याला खरोखरच वाटत होतं की म्हातारीला कुणीतरी फसवतंय. ‘‘ताई,’’ तो एकदा म्हणाला, ‘‘तुम्ही शिकलेल्या आहात, मी काय बोलणार. पण हे काम एकदा ठाण्याच्या माणसाला दाखवू या का?’’ मी पक्कड उचलून पुन्हा पहिल्या ‘टी’पाशी गेले.

दुसऱ्या शुक्रवारी मी गेले तेव्हा, मी कशालाही हात लावायच्या आधी, सगळं चालू होतं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकदाही बंद पडलं नाही. काकी खूश. दिनेश हसून म्हणाला, ‘‘भूत हाय, काकी. शुक्रवारी सुट्टीवर जातं.’’ सगळे हसले, मीही हसले, आणि रिक्षात बसल्यावर डोळ्यात पाणी आलं. कारण एक तर मला कळत नव्हतं ते का चाललं, आणि न कळता चाललेलं काम न कळता बंद पडणार हे कुठल्याही कारागिराला माहीत असतं. कंपनीनं चाचणीपुरती पाठवलेली खोकी शेडमध्ये लावून नोंदवून झाली होती, आणि त्यांचे साहेब येत्या बुधवारी ती तपासायला येणार होते.

घरी आले तर बाबा कॅलेंडरपाशी उभे. ‘‘वंदू, अर्जाची मुदत गुरुवारपर्यंत आहे.’’

‘‘बुधवारपर्यंत थांबा, बाबा. बुधवारी जर ते चाललं नाही तर मी सही करते. पुन्हा कधी पक्कड हातात घेणार नाही.’’

‘‘असं टोकाचं कशाला बोलतेस?’’ आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

‘‘टोकाचं नाही, आई. दुसऱ्याचं काम बिघडवायचं असेल तर हे न केलेलं बरं.’’

त्या शुक्रवारी रात्रभर नाही म्हटलं तरी मी एकच शब्द चघळत पडले होते: शुक्रवार. पहाटे उठून आईला म्हटलं, मी सातच्या आत राहनाळला पोचणार. आईनं गडबडीत पोळीभाजीचा डबा भरून दिला. मी गेटवरच्या कंप्युटरपाशी जाऊन बसले आणि डबा शेजारी ठेवला. सगळं चालू. दार उघडून देणारा राखणदार सोडला तर गोदामात अजून कुणी नव्हतं. बाहेर बगळे चालत होते. सात वाजले, मधल्या भिंतीपलीकडे कुणीतरी खटका ओढला, एक माग सुरू झाला, मग दुसरा, मग सगळेच. मी पडद्याकडे डोळे लावून बसलेली, आणि डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. माझा डबा. स्टीलचा डबा टेबलावरून केसाकेसानं सरकत होता. मी हात लावला नव्हता. तो आपला आपण कडेकडे चालला होता, आणि कडेला पोचायच्या आधी पडद्यावरचं सगळं थांबलं.

आता हसू येतं. जन्मापासून मी त्या थरथरीत राहिलेली. आमच्या घरी फडताळातली भांडी रात्रंदिवस एकमेकांशी कुजबुजत असायची, दिव्याची काच हलायची, पेन टेबलावर ठेवलं की गडगडायचं. भिवंडीच्या माणसाला जमीन हलते हे कळतच नाही, मासळीला पाणी कळत नाही तसं. परगावचा कुणी असता तर पहिल्या दिवशी बोलला असता.

मी उठले आणि सरळ शेजारच्या शेडमध्ये शिरले. तिथं रफीकचाचा मागाखाली अर्धे आत जाऊन काहीतरी आवळत होते. ते मागांचे फिटर, मूळचे उत्तरेकडचे, पण भिवंडीत येऊन केस पांढरे झालेले. मी त्यांना खुणेनं बाहेर बोलावलं. त्या आवाजात बोलून उपयोग नव्हता. गोदामात आणून भिंतीवरची माझी तार दाखवली आणि काय होतंय ते सांगितलं. त्यांनी चष्मा वर केला, तारेवरून बोट फिरवत गेले, एका खिळ्यापाशी थांबले आणि हसले.

‘‘बेटी, तूने तो तार को फाँसी दे रखी है.’’

‘‘क्यों चाचा? साफसुथरा तो है.’’

‘‘साफ है, पर साँस कहाँ है? दीवार हिलती है तो तार भी हिलेगा. ढीला होता तो झूल जाता. तूने कसके बाँधा, अब वो जाके जोड़ को खींचता है. हमारे यहाँ जो चीज हिलनेवाली हो, उसको थोड़ा लटकता छोड़ते हैं.’’

त्यांनी मला मागापाशी नेऊन दाखवलं. विजेची वायर मोटारीला जिथं मिळते तिथं तिला एक मोठा झोल दिलेला. माग धाडधाड हलत होता आणि झोल नुसता डुलत होता. मी असल्या शंभर वायरी लहानपणापासून बघितल्या होत्या. मला ते अजागळपण वाटायचं.

‘‘और एक बात,’’ चाचा म्हणाले. ‘‘अच्छा जोड़ इतने में नहीं खुलता. एक बार सब जोड़ देख ले. कोई एक कच्चा होगा.’’

मी सगळे जोड उघडले. एकेक करून. आणि ऑफिसातल्या कंप्युटरच्या मागं, जिथं तार पितळी टोपणात बसते, तिथं मधली बारीक सुई नीट दाबलेलीच नव्हती. तार बदलली तेव्हासुद्धा मी तेच टोपण घाईघाईत पुन्हा वापरलं होतं. शांत खोलीत ते वर्षभर चाललं असतं. इथं प्रत्येक धक्क्याला सुटत होतं. भूतबीत काही नव्हतं. माझ्या हातची चूक होती, आणि भिंत ती दर दिवशी मला दाखवत होती.

काकी किल्ल्या वाजवत आल्या. मी टोपण तळहातावर धरून रडवेल्या तोंडानं जमिनीवर बसलेली. मला खोटं बोलता आलं असतं. दिनेशच्या मागांवर सगळं ढकलता आलं असतं, आणि ते अर्धं खरंही होतं. पण मी म्हटलं, ‘‘काकी, चूक माझी होती. हा जोड मी कच्चा केला होता.’’

काकींनी टोपण उचललं, डोळ्यांजवळ नेलं. ‘‘एवरंसं?’’

‘‘एवढंच.’’

‘‘सापरली नं? मंग ररतीस कनाला? भात निवरताना खरा मिलाला की आपन ररतो का? खरा फेकतो नि भात शिजवतो. उठ.’’

तीन दिवस होते हातात. सगळे खिळे उपटले. तार भिंतीवरून काढून छपराच्या कैच्यांवरून, म्हणजे पत्र्याखालच्या लोखंडी सांगाड्यावरून, नेली, जागोजाग सुती नाडीनं सैल बांधून. प्रत्येक कंप्युटरच्या मागं हातभर झोल. टेबलं भिंतीपासून दीड वीत पुढं ओढली. ‘टी’ टेबलाच्या कडेवर आपटू नये म्हणून खाली काहीतरी मऊ हवं होतं. घरी आईला सांगितलं तर तिनं काही न विचारता मशीन काढलं आणि कटपीसच्या तुकड्यांत कापसाचा कचरा भरून सहा चिमुकल्या उशा शिवल्या, लाल फुलाफुलांच्या. दारावरून जाणाऱ्या शेजारणीनं विचारलं, ‘‘कुणाकडे बारसं?’’ आई म्हणाली, ‘‘राहनाळला.’’ सगळे जोड मी नव्यानं केले. प्रत्येक जोड झाला की रफीकचाचा येऊन दोन बोटांनी ओढून बघायचे, मान हलवायचे आणि जायचे. परीक्षेत इतकी धाकधूक मला कधी झाली नाही.

सोमवारी चाललं. मंगळवारी चाललं. तरी मंगळवारी संध्याकाळी मी दर पाच मिनिटांनी उठून बघत होते, तापलेल्या पोराच्या कपाळाला हात लावावा तसं.

बुधवारी साहेब आले. टाय, हातात कागदांचं बाड, सोबत एक टिपणं घेणारा. पलीकडे माग भरात होते. साहेबांनी कपाळाला आठी घातली. ‘‘इतक्या आवाजात कंप्युटर चालतात?’’

‘‘आमी चालतो तं कंपूटर का न्हाय चालनार?’’ काकी म्हणाल्या.

मी गेटवरच्या खुर्चीत बसायला निघाले, तर काकींनी मला खांद्यानं बाजूला केलं आणि स्वतः बसल्या. हे ठरलेलं नव्हतं. दिनेशचा चेहरा बघण्यासारखा झाला. साहेबांनी बाडातून एक कागद काढून नंबर वाचला. सात आकडी. तो इंग्रजीत वाचला होता. काकींनी माझ्याकडे बघितलं, मी मराठीत एकेक आकडा सांगितला. त्यांनी बोट पुसलं. एक. चार. चार. शून्य. प्रत्येक आकड्याला मधे इतका वेळ की मी पुढचा आकडा मनात दोनदा म्हणून घ्यायची. शेवटचा आकडा दाबला. पडदा काळा. भिंतीपलीकडे खटखट, छपराखाली तार सावकाश डुलतेय, आणि पडदा काळाच. मी मनात म्हटलं, गुरुवारी सही.

मग अक्षरं उमटली. काकींनी त्यांतले आकडे वाचले. ‘‘शेड दोन. रांग अकरा. जा, बगून या.’’

साहेब स्वतः गेले. परत आले ते हातात खोक्यावरची चिठ्ठी घेऊन. दुसरा नंबर दिला. तिसरा दिला. चौथा मुद्दाम नसलेल्या मालाचा दिला. पडद्यावर काहीच आलं नाही, तेव्हा काकी म्हणाल्या, ‘‘ह्यो माल आमच्याकरं न्हाय. तुमी दुसरीकरं ठेवला असंल.’’ साहेब पहिल्यांदा हसले. ‘‘हे कुणी जोडलं?’’ त्यांनी दिनेशकडे बघत विचारलं. आणि दिनेशनं, त्या दिनेशनंच, माझ्याकडे बोट केलं. ‘‘ह्या ताईंनी. आमच्या इथल्याच आहेत.’’

तिन्ही शेड औषधांना गेल्या. किल्ल्या काकींच्या कमरेला राहिल्या. पुढं वर्षभरातच काळी तार जाऊन तिथं नव्या पद्धतीचा डबा आला, प्रत्येक कंप्युटरला वेगळी वायर, एक सुटली तरी बाकीचे चालू. तोही मीच बसवला, झोल देऊन. आता राहनाळ ते मानकोलीपर्यंत गोदामंच गोदामं आहेत, गाडीतून जाताना संपत नाहीत. त्यांतली कितीतरी मी आतून पाहिली आहेत, शिडीवर उभी राहून.

पण मला सांगायचंय ते बुधवारनंतरच्या रविवारचं. गुरुवारी अर्जाची मुदत गेली. अर्ज कॅलेंडरच्या मागं होता तिथंच राहिला.  मग रविवारी सकाळी बाबा म्हणाले, ‘‘चल, जरा नाक्यापर्यंत जाऊन येऊ.’’ धामणकर नाक्याच्या अलीकडे एक पेंटर बसायचा, दुकानांच्या पाट्या रंगवणारा. बाबांनी त्याच्याकडे आधीच पाटी टाकली होती. हिरव्यावर पिवळी अक्षरं. माझं पूर्ण नाव, आणि खाली एकच शब्द: जोडकाम.

‘‘नेटवर्किंगला मराठीत काय म्हणायचं ते मला कळेना,’’ बाबा म्हणाले. ‘‘चार शब्द लिहून बघितले. तुझी आई म्हणाली, एवढं कशाला? जोडते ना ती? मग जोडकाम लिहा.’’

पाटी चांगली चार फुटी. कुठलाच रिक्षावाला घ्यायला तयार होईना. मी म्हटलं, एका बाजूनं मी धरते. बाबांनी ऐकलं नाही. त्यांनी ती एकट्यानं छातीशी धरली, अक्षरं बाहेरच्या बाजूला, आणि नाक्यावरच्या त्या गर्दीतून, ट्रक आणि हातगाड्यांमधून, आमच्या आळीपर्यंत चालत निघाले. आयुष्यभर भिंतीच्या कडेनं चालणारा माणूस भर रस्त्याच्या मधून चालला होता. कचेरीतले एक ओळखीचे भेटले, पाटी वाचायला थांबले. बाबाही थांबले, त्यांचं वाचून होईपर्यंत.

‘‘बाबा, उलटी धरा ना,’’ मी लाजून म्हटलं. ‘‘सगळे बघतायत.’’

‘‘रंग ओला आहे,’’ ते म्हणाले. ‘‘सदऱ्याला लागेल.’’

मी मागून चालता चालता हळूच एका अक्षराला बोट लावून बघितलं. रंग केव्हाच वाळला होता.